नदीला पहारेकरी हवेत

प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगा जन्म घेते आणि थोडे अंतर जाताच कोल्हापूरच्या नाल्यांना भेटते. पुढे इचलकरंजीला 2012 मध्ये काविळीच्या साथीने माणसे दगावली, तेव्हा दूषित पाण्याची किंमत सगळ्यांना कळली. मग विस्मरण आले. ते दरवर्षीच येते.

तरी याच कोल्हापुरात कार्यकर्त्यांनी गणेशमूर्ती आणि निर्माल्य नदीत न सोडता दान करण्याचा आग्रह धरला, टीका झेलली आणि अखेर हजारो घरांनी तो मानला. स्वयंसेवकांची खरी ताकद ही आहे. घाटावर झाडू घेऊन फोटो काढणे सोपे. चार दिवसांत कचरा परत येतो. मैला आणि रसायने तर झाडूने निघत नाहीतच.

त्यापेक्षा ठरावीक पट्टा दत्तक घ्यावा. पाण्याचा रंग, फेस, वास, मेलेले मासे यांची तारीख-वेळेसह नोंद ठेवावी, फोटो काढावेत, नाला कुठे मिळतो ते पाहावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 1974 च्या जल कायद्यानुसार मंडळाला 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात दाद मागू शकतो. हे हत्यार गंजत पडले आहे. एक मात्र सांभाळावे: नमुना घेण्यासाठी एकट्याने पाण्यात उतरू नये, पुरात तर नाहीच.

सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी महापालिकेची आणि कारखान्यांची आहे. स्वयंसेवकांच्या श्रमदानामागे त्यांना लपू देऊ नका.