चंद्रपूरचा परकोट सर्वांना चालण्यासाठी खुला व्हावा



जटपुरा दरवाजातून आपण रोज जातो-येतो. गर्दीत गाडी अडकली म्हणजे नजर वर जाते आणि हत्तीवर स्वार झालेला सिंह दिसतो. ते गोंड राजांचे राजचिन्ह. दरवाजा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण शहराला वळसा घालणारा तट आपल्यापैकी किती जणांनी पायी फिरून पाहिला आहे? साधारण ११ किलोमीटरचा घेर, त्यात जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण या पाच खिडक्या. ही नावे आपण पत्ता सांगताना वापरतो, पण खिडकीपाशी उभे राहून तट निरखणारे फार थोडे आहेत.

खांडक्या बल्लाळशहाने या शहराची पायाभरणी केली आणि पुढच्या राजांनी परकोट पुरा केला. शिकारी कुत्र्याच्याच पाठीस ससा लागल्याचे राजाने पाहिले, राणीने त्या जागेचे मोल ओळखले आणि ससा जसा धावला तशी तटाची रेघ आखली गेली, ही कथा इथल्या लहान मुलालाही माहीत असते. मग त्याच मुलाला सशाच्या त्या वाटेवरून चालता का येऊ नये? १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून याच तटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. आमच्या मुलांना पानिपत पाठ असते, आणि आपल्याच गावच्या वेढ्याची जागा दाखवायला कोणी नेत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा तट एकदा लोकांनीच उघडा केला आहे. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कोयते, फावडी आणि घमेली घेऊन बुरुजांवरचे रान काढले, वर्षानुवर्षांचा कचरा उपसला. सलग २०० दिवस चाललेल्या त्या श्रमदानाचा उल्लेख पंतप्रधानांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये केला. त्या तरुणांचे ऋण मोठे आहे. पण चंद्रपुरात एक पावसाळा गेला की रान पुन्हा माजते. ज्या वाटेवर माणसांची रोज ये-जा असते तिथे झुडूप वाढत नाही, बाटल्या फुटत नाहीत, आणि संध्याकाळी तिकडे जायला बायका-मुलींना भीती वाटत नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे: तटावरची वाट सर्वांसाठी खुली करा आणि तिच्यावर चाला.

पुण्यात शनिवारवाड्याच्या तटावर चढून फिरता येते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या कारभाऱ्यांना १८०० साली आपला तट पाडून टाकायचा होता. आज त्याच तटावर लोक तिकिटाशिवाय चालतात. आपल्याकडेही तटातून मारा करायच्या जंग्या आहेत, बुरूज आहेत, पहारेकऱ्याने फिरायची फांजी आहे. जिथे दगड पक्के आहेत तिथे फांजीवर लोखंडी कठडा हवा, ढासळलेल्या पायऱ्यांची डागडुजी हवी, दिवे हवेत, मराठी आणि गोंडी या दोन्ही भाषांत फलक हवेत. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, जे चाकाच्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठी तटाच्या पायथ्याने सपाट पायवाट आणि सावलीत बाके असावीत, आणि निदान एका बुरुजापर्यंत उतरण असावी. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून भाविकांचे लोंढे येतात. अंचलेश्वराच्या आवारातली गोंड राजांची समाधिस्थळे, राणी हिराईने बीरशहासाठी उभारलेली देखणी समाधी, हे सारे तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ते पाहुणे हे न पाहताच परत जातात.

परकोट केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा यातले काहीही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून करता येणार नाही, आणि करूही नये. मनमानी दुरुस्तीने तटाचे नुकसानच होते. दगडांच्या सांध्यात जुना चुना आहे. त्यावर सिमेंट थापले की पाणी आत कोंडते आणि दगड सुटू लागतो. पिंपळाचे रोप दिसले म्हणून हिसका देऊन उपटू नका. मूळ दोन चिऱ्यांच्या मध्ये शिरलेले असते, ते चिऱ्यासकट बाहेर येते. नुसते वरून छाटले तर महिन्याभरात दुप्पट फुटते. ते काम जाणकारांचे आहे. आपण रोप कुठे आहे ते पाहावे, फोटो काढावा आणि खात्याला कळवावे.

तटाला लागून राहणाऱ्या कुटुंबांशी मला विशेष बोलायचे आहे. अशी मोहीम निघाली की तुमच्या मनात पहिली शंका घर पाडण्याचीच येते, आणि ती रास्त आहे. या आवाहनात कोणाच्या छपरावर बोट ठेवलेले नाही. कुठे घर हलवण्याची वेळ आलीच, तर आधी दुसरे घर आणि मग वाट, हाच क्रम असला पाहिजे, आणि त्यासाठी आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. तुमच्याइतके तटाजवळ कोणी राहत नाही. कोणता दगड या पावसात हलला, कुठून पाणी झिरपते, हे तुम्हालाच आधी कळते. तुमच्याकडून एवढेच हवे आहे: तटाला टेकवलेले भंगार, गोवऱ्या आणि लाकडे बाजूला घ्या, कचरा घंटागाडीतच द्या, आणि खिडकीकडे जाणारी बोळ मोकळी ठेवा.

शिक्षकांनो, चौथीचा इतिहास एक दिवस बुरुजावर शिकवा. वॉर्डातल्या मंडळांनी आपल्या हद्दीतला तटाचा तुकडा नावानिशी अंगावर घ्यावा. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा त्यांना नाली आणि रस्त्याबरोबर परकोटाचाही प्रश्न विचारा. कठडा, दिवे आणि पायवाट यांची मागणी करणारे पत्र प्रत्येक वॉर्डातून पुरातत्त्व खात्याकडे आणि महानगरपालिकेकडे गेले पाहिजे. शंभर पत्रे गेली तर ती फायलीत दबून राहणार नाहीत.

तोवर जिथे आजही सुरक्षितपणे जाता येते तिथे रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन जा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता सात वाजायच्या आत निघा. बूट घाला, पाणी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ ठेवा. कुदळ मात्र नेऊ नका. तिथे खणायला परवानगी लागते.