कॉम्प्रेसरचा आड आणि पोहरा

जुनी गाडी घरच्या शेडमध्ये उभी करून तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवलेला माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एका खरेदीपाशी अडतो. पाने, जॅक, वेल्डिंगचा सेट इथपर्यंत कुणी वाद घालत नाही. कॉम्प्रेसरचे नाव काढले की मात्र चौघांची चार मते, आणि चौघेही छातीठोक. माझ्याकडे वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली, तेव्हा आमची गाडी कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये फळ्यांवर उभी होती, दरवाजे उतरवलेले आणि खालचा पत्रा कापलेला. त्या काळात कॉम्प्रेसरविषयी मी जे जे ऐकले त्यातले बरेचसे खोटे आहे, असे आता मी म्हणू शकतो. यातली काही मते एकेकाळी माझीही होती, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडतो.

पहिले मत दुकानात ऐकू येते: एचपी बघा, बाकी काही बघू नका. हे मत पसरण्याचे कारण उघड आहे. एचपी हा शब्द आपल्याला विहिरीच्या मोटरीपासून ओळखीचा आहे. पण एचपी म्हणजे मोटरीची ताकद. हेडमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंपातून, बाहेर किती हवा पडते, याचे ते माप नव्हे. शिवाय डब्यावर छापलेला एचपी खराच असेल असेही नाही. पडताळा घरीच घेता येतो. आपल्या २३० व्होल्टच्या, १६ अँपिअरच्या प्लगमधून जास्तीत जास्त ३६८० व्होल्ट-अँपिअर मिळतात. मोटरीचा पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर शाफ्टवर साधारण २३५० वॅट उरतात. ७४६ वॅटचा एक एचपी, म्हणजे जेमतेम तीन. तेव्हा साध्या प्लगवर चालणाऱ्या यंत्रावर ‘५ एचपी’ लिहिले असेल, तर तो आकडा मोटर सतत पेलू शकेल असा नाही.

विचारायचा आकडा वेगळा आहे: सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. इथेही एक अडचण आहे. पाटीवर बहुधा पिस्टनचे विस्थापन लिहिलेले असते. सिलिंडरचे आकारमान गुणिले फेरे असा तो कागदी हिशोब. प्रत्यक्ष टाकीत जाणारी हवा त्याहून बरीच कमी असते, कारण हेड तापते, व्हॉल्व्हमधून थोडी हवा परतते, आणि पिस्टन वर गेल्यावरही थोडी दाबलेली हवा आतच राहते. लहान, एकाच टप्प्यात हवा दाबणाऱ्या हेडमध्ये ही घट पाव ते एक तृतीयांशापर्यंत सहज जाते. म्हणून ‘फ्री एअर डिलिव्हरी’ किती आणि कोणत्या दाबाला, असे स्पष्ट विचारावे. चांगल्या बेल्टवाल्या कॉम्प्रेसरमध्ये खऱ्या एका एचपीमागे साडेतीन-चार सीएफएम मिळतात, एवढे ध्यानात ठेवले तर फसगत टळते.

दुसरे मत याहून घट्ट रुजलेले आहे, आणि मला त्याच्याशीच खरे भांडायचे आहे. ते असे: मोटर थोडी लहान असली तरी चालेल, टाकी मोठी घ्या. ऐकायला शहाणपणाचे वाटते. दोन-दोन दिवस नळाला पाणी न येणाऱ्या गावात मोठी टाकी बांधणारा माणूस शहाणाच असतो. पण हिशोब करून पाहा. १०० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली. दाब ५ बारपर्यंत उतरेतोवर अवजार नीट चालते असे धरू. म्हणजे टाकीने दिलेली हवा तीन गुणिले शंभर, ३०० लिटर. हवेवर चालणारा सँडर १० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २८३ लिटर हवा खातो. कॉम्प्रेसर ५ सीएफएमचा असेल तर तो १४२ लिटर भरून काढतो. उरलेली १४१ लिटरची तूट टाकी दोन मिनिटे सोसते. मग दाब पडतो, सँडर घरघरतो आणि तुम्ही हात झाडत उभे राहता. टाकी पुन्हा भरायला दोन मिनिटे. आता तीच मोटर ठेवून टाकी २०० लिटरची करा. चार मिनिटे काम, चार मिनिटे थांबणे. तासाभरात घासलेला पत्रा तेवढाच! आणि दोन्ही वेळा हेडला क्षणाची उसंत नाही, जरी अशी बहुतेक हेडे तासातला निम्मा-अधिक वेळ चालून बाकीचा वेळ थंड व्हावीत अशाच बेताने बनवलेली असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण कॉम्प्रेसरला अक्षरशः लागू पडते. हेड हा आड, टाकी हा पोहरा.

टाकीचे मोल मी नाकारत नाही. चाकाचा नट सोडवणारे इम्पॅक्ट रेंच पाच सेकंद चालते आणि मिनिटभर खाली पडून असते. तिथे टाकीच सगळे काम करते. टाकी हवेचे धक्के शमवते, हवा थोडी थंड करते, मोटरीला दर मिनिटाला चालू-बंद होण्यापासून वाचवते. म्हणजे तुटक खाणाऱ्या अवजाराला टाकी, सतत खाणाऱ्याला हेड. हा भेद न करता नुसते ‘मोठी टाकी घ्या’ सांगणे चुकीचे आहे.

तिसरे मत मिस्त्रींचे. त्यांच्याविषयी मी आदरानेच बोलेन, कारण पत्रा ठोकणे मला त्यांनीच शिकवले. ते म्हणतात, घ्यायचा तर पाच एचपी, थ्री फेज, एकदाच घ्या. त्यांच्या गॅरेजात हे अगदी बरोबर आहे. तिथे एक पोरगा पुट्टी घासतो, दुसरा बंपर रंगवतो, तिसरा हवेने धूळ उडवतो, आणि तिघांचे दिवसाचे काम एकाच टाकीवर चालते. घरच्या शेडमध्ये हात दोनच. एका वेळी एकच अवजार चालणार. मग प्रश्न असा उरतो की सतत हवा खाणारी कोणती अवजारे खरोखर हवेवरच चालवायला हवीत?

सँडर हवेवर का चालवायचा? गॅरेजात तो हलका पडतो, पाण्याजवळ धोका नसतो, दिवसभर तापत नाही. कारणे चांगली आहेत. पण हवा दाबण्याच्या कामात बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. अवजाराच्या टोकाशी पोहोचते ती दहा-पंधरा टक्के. हवेच्या सँडरसाठी तीन एचपीची मोटर धडधडवायची, की साडेतीनशे वॅटचा विजेचा सँडर व्हॅक्यूम जोडून चालवायचा? घरासाठी दुसराच. आमच्या गाडीची सगळी कोरडी पुट्टी मी तशीच घासत आलो आहे, शेवटचा हात वॉटर पेपरचा.

ब्लास्टिंगचे, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून पत्रा साफ करण्याचे, तर नावच घरी काढू नये. तीन मिलिमीटरच्या नोझलमधून सहा बारला १८ ते २० सीएफएम हवा जाते, म्हणजे पाच एचपीही धापा टाकेल. त्याहून गंभीर गोष्ट वाळूची. कोरड्या वाळूचा मारा केला की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने या कामात वाळू वापरण्यावर १९४९ च्या नियमांनीच बंदी घातली. शेजारच्या अंगणात मुले खेळत असताना आपण ती धूळ उडवायची, हे मला मान्य नाही. सस्पेन्शनचे आर्म, रिम, बॅटरीचा ट्रे असे सुटे भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लास्टिंग करणाऱ्याकडे द्यावेत.

उरली रंगाची गन. तिला पर्याय नाही. अमेरिकेतल्या टोलेडोच्या डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी १८८८ मध्ये रुग्णांच्या घशात औषध फवारायला जो फवारा केला, त्याच धर्तीवर त्यांच्या मुलाने, थॉमसने, १९०७ मध्ये रंगाची गन काढली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे: द्रवाचे धुके करायचे ते हवेने. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनच्या टोकाशी दाब १० पीएसआयच्या आत असतो, त्यामुळे रंग पत्र्यावर जास्त बसतो आणि हवेत कमी उडतो. पण त्यासाठी तिला १० ते १४ सीएफएम लागतात. लहान नोझलच्या एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन याच्या निम्म्या हवेत चालतात. आणि गन सँडरसारखी सलग खात नाही. पद्मिनीच्या बॉनेटचा एक हात द्यायला ट्रिगर मिनिट-दीड मिनिट ओढलेला असतो, मग रंग ओढेपर्यंत दहा मिनिटे थांबावेच लागते. इथे टाकी पुन्हा उपयोगी पडते.

म्हणून माझे म्हणणे असे. एकेक पॅनल करून गाडी रंगवणाऱ्या माणसाला सिंगल फेजवरचा खऱ्या ३ एचपीचा, बिडाच्या दोन सिलिंडरच्या हेडचा, बेल्टवाला कॉम्प्रेसर पुरतो. फ्री एअर डिलिव्हरी १० सीएफएमच्या आसपास, टाकी १२० ते १६० लिटर. बेल्टचा आग्रह यासाठी की १४४० फेऱ्यांची मोटर मोठ्या पुलीमुळे हेडला हजाराच्या आत फिरवते. थेट जोडलेले छोटे हेड २८०० च्या वर फिरते, लवकर तापते, लवकर झिजते आणि रविवारी दुपारी साऱ्या गल्लीला ऐकू येते. ‘घरच्या कामाला पंचवीस लिटरचा बास’ म्हणणाऱ्यांना उत्तर यातच आले. चाकात हवा भरायला, कार्ब्युरेटरचे जेट फुंकायला तो उत्तम आहे. दरवाजा रंगवायला नाही.

३ एचपीसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढा. सुरुवातीचा करंट चालूच्या पाच-सहा पट असतो, तेव्हा एमसीबी आणि मंजूर भार वायरमनला आधी दाखवा. आणि कॉम्प्रेसर लांब एक्स्टेन्शनवर कधीच लावू नका. बारीक वायरीत व्होल्टेज पडते, मोटर दाबाविरुद्ध उठत नाही आणि जळते. लांबवायचीच तर हवेची नळी लांबवा.

कुणी म्हणतील, जुना घ्या, जुनी हेडे दणकट असतात. हेड जुने चालेल. रिंगा, व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलता येतात. भंगारातली टाकी मात्र नको. ती आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. घ्यायचीच असेल तर पाणी भरून दाबाची चाचणी करून घ्या. पाण्याने फुटली तर गळते, हवेने फुटली तर माणूस जातो.

आता ज्या गोष्टीबद्दल मला एकाही सल्लागाराने सावध केले नाही, ती. आमच्या गाडीचे बॉनेट मी पहिल्यांदा श्रावणात रंगवले. रंग ओला होता तोवर आरशासारखा. पाच मिनिटांत त्यात बारीक गोल खड्डे उमटू लागले, माशाच्या डोळ्यांसारखे. दोन महिन्यांचे काम पुन्हा पत्र्यापर्यंत घासावे लागले. मी गनला दोष दिला, थिनरला दिला. दोष पाण्याचा होता, आणि त्याबरोबर आलेल्या तेलाचा. ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ती हवा ८ बारला दाबून पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात साडेतीन ग्रॅमच मावते. बाकीचे २० ग्रॅम गळून पडते. ५ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासभर चालला तर पाऊण पेल्याहून जास्त पाणी होते. दहाचा असेल तर दुप्पट!

उपाय महागडा नाही, पण जागा चुकली तर व्यर्थ आहे. बहुतेक जण वॉटर सेपरेटर टाकीच्या तोंडाशीच लावतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपातच फिल्टरमधून निघून जाते आणि पुढे नळीत थंड होऊन गनमध्ये उतरते. आधी हवा थंड होऊ द्या. मी भिंतीवरून आठ-दहा मीटर जीआय पाईप फिरवला, त्याला थोडा उतार दिला, शेवटी खाली कॉक बसवला. गनची शाखा पाईपच्या वरच्या अंगाने काढली, म्हणजे तळाचे पाणी तिच्यात जात नाही. सेपरेटर आणि रेग्युलेटर त्या शाखेच्या टोकाला. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाईप वापरू नका. तो दाबाखाली तडकतो तेव्हा त्याच्या चिरफळ्या सुरीसारख्या उडतात. कॉम्प्रेसरवर वाचवलेले पैसे घालायचे ते इथे आणि मास्कमध्ये.

मास्कचे आवर्जून सांगतो. जुन्या ड्यूको रंगात धोका थिनरचा होता. हार्डनर मिसळून मारायच्या आजच्या टू-के रंगात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे थोडासा वासही सोसत नाही. धुळीचा एन९५ त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क परवडत नसेल, तर टू-के घरी मारू नका. आणि रंगाच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा नळीने तोंडाशी घेण्याची युक्ती कुणी सुचवली, तर ऐकू नका.

आमच्या गाडीचे डावे मागचे दार अजून प्रायमरवर आहे. ते जुन्याच ड्यूकोने रंगवणार आहे, पण पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. तोवर काम झाले की रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडतो आणि पाणी बादलीत धरून मोजतो. काल दीड पेला निघाले.