पानगळीवाचून पाडवा नाही

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या प्रातःकाळी घरोघरी गुढी उभी राहते, दारी आम्रपल्लवांचे तोरण झुलते आणि कडुनिंबाचा प्रसाद मुखी घालून आपण नूतन संवत्सराचे स्वागत करतो. वसंत आला, असे आपण म्हणतो. परंतु वसंत काही त्या एका दिवशी अवतरत नाही. माघ शुद्ध पंचमीला आपण त्याचे नाव प्रथम उच्चारतो आणि तेथून पाडव्यापर्यंत छप्पन्न तिथी जातात. या छप्पन्न तिथींत आपल्या परसात काय घडते, हे पाहण्याची दृष्टी आपण गमावत चाललो आहोत, आणि त्याची झळ थेट आपल्या धर्माचरणाला पोहोचत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठच्या कोणत्याही जुन्या वाड्याचा परस डोळ्यांपुढे आणावा. पौषात तुळशीच्या मंजिऱ्या वाळलेल्या असतात, शेवंतीचा बहर ओसरत असतो आणि मांडवावर पावट्याच्या शेंगा लोंबत असतात. माघात कुंद फुलतो. अमरकोशाने कुंदाला ‘माघ्य’ हेच नाव दिले आहे. फुलाच्या नावातच महिना सांगून टाकावा, इतके आपले कोशकार परसाशी जवळीक ठेवून होते. याच सुमारास आंब्याला मोहोर येतो आणि घरचे वडीलधारे आभाळाकडे पाहू लागतात. थंडी टिकली तर ठीक. ढगाळ हवा झाली की तुडतुडे आणि भुरी मोहोराचा घात करतात. महाशिवरात्रीला कवठ पिकलेले असते. फाल्गुनात रानात पळस पेटतो, आणि परसातला कडुनिंब मात्र पिवळा पडून पाने टाकू लागतो.

नेमके येथेच आपले बिनसते. मोहोर सर्वांना हवा असतो, पळसही आवडतो. पानगळ मात्र कोणालाच नको असते. सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा भरते, पन्हळी तुंबतात, नव्या घातलेल्या फरशीवर डाग पडतात. मग एके दिवशी कुऱ्हाड येते. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या गावातील अनेक अंगणांतून कडुनिंब गेले, त्याचे कारण रोग नव्हे, वादळही नव्हे. केवळ ‘पाल्याचा कचरा होतो’ एवढेच. आणि तीच घरे पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन कडुनिंबाचे डहाळे विकत घेतात! ते डहाळे कोणाच्या तरी झाडावरून ओरबाडूनच आलेले असतात.

पाडव्याच्या प्रसादाची सामग्री पाहावी. कडुनिंबाची कोवळी पाने आणि फुले, त्यांत मिरी, हिंग, मीठ, जिरे, ओवा आणि साखर किंवा गूळ. कोवळी पाने आणि फुले ही दोन्ही एकाच वेळी हाती येतात ती याच दिवसांत. आणि तीही झाडाने जुनी पाने आधी टाकली असतील तरच. पाण्याची ओढ लागण्यापूर्वी झाड आपला भार उतरवते, टाकायच्या पानातील सत्त्व शक्य तेवढे आत ओढून घेते आणि त्या संचितावर तांबूस पालवी धरते. म्हणजे आपल्या तळहातावरचा प्रसाद हा फाल्गुनातल्या त्या ‘कचऱ्या’चेच फळ होय. अमरकोशात कडुनिंबाचे एक नाव ‘सर्वतोभद्र’ असे आहे. जे सर्व बाजूंनी कल्याणकारी, त्याची केवळ एकच बाजू आपण घ्यावी हे शोभत नाही.

आपल्या पंचांगकर्त्यांनीही हीच दृष्टी ठेवली होती. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौर वर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी अपुरे. ही तूट तशीच राहिली असती, तर पाडवा मागे सरकत सरकत ऐन थंडीत येऊन पडला असता. म्हणून सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून त्यांनी सण ऋतूला बांधून ठेवला. गणित सूर्य-चंद्राचे खरे, पण त्याच्या योगे तिथी आणि पालवी यांची भेट चुकू दिली नाही. ती भेट ज्या अंगणात व्हावयाची, ते अंगणच आपण मोडावे काय?

कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण झाल्यावाचून उत्तररंगाचे आख्यान लागत नाही. आख्यान गोड लागते, म्हणून निरूपण गाळा, असे कोणी म्हटले तर कीर्तनाचा प्राणच जाईल. पानगळ हा वसंताचा पूर्वरंग आहे. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात ऋतूंमध्ये वसंताला आपली विभूती म्हटले. पण त्याच श्लोकात महिन्यांमध्ये मान दिला तो मार्गशीर्षाला, म्हणजे हेमंतातल्या महिन्याला. फुलांचा ऋतू ज्याचा, थंडीचा महिनाही त्याचाच. एकाला नमस्कार आणि दुसऱ्याचा कंटाळा, ही भक्ती अपुरी होय.

अडचणी खऱ्या आहेत, हे आम्ही जाणतो. भिंतीत रुजलेला पिंपळ घराला धोका देतो. तो वेळीच काढून मोकळ्या जागी लावणे हेच शहाणपण. शहरातील अनेकांच्या वाट्याला अंगणच उरलेले नाही. पण गृहसंकुलाच्या आवारात, देवळाच्या मागे, शाळेच्या कुंपणालगत एखादा कडुनिंब सर्वांनी मिळून सांभाळणे अशक्य नाही. पाला पेटवून धूर करण्याऐवजी तो आळ्यात पसरावा. उन्हाळ्यात ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते. होळीसाठी हिरवे झाड तोडू नये. देशावर परंपरेने मधोमध एरंड रोवला जातो आणि भोवती गोवऱ्या रचल्या जातात, त्यात मोठ्या वृक्षाचा बळी कोठेही नाही. तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या खुडाव्यात, म्हणजे तिला नवे फुटवे येतात. देवासाठी मोहोर घ्यावयाचा तर एखादा तुरा पुरे. देव भावाचा भुकेला आहे, डहाळ्यांचा नव्हे.

यंदा गुढीला नमस्कार करताना प्रत्येक कुटुंबाने एवढाच संकल्प करावा, की पुढील पाडव्याचा कडुनिंब आपण राखलेल्या झाडाचा असेल, आणि त्या झाडाखालचा फाल्गुनातला पाला घरातील मुलांच्या हातांनी गोळा होईल. ज्या मुलाने पानगळ झाडली, त्याला पालवीचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. सर्वांना नूतन संवत्सर सुखाचे जावो, ही श्रीचरणी प्रार्थना.