झोका, ज्या आणि सूत्राची अट

लंबकाच्या झोक्यास लागणारा काल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, झोक्याच्या विस्तारावर नसतो, हा नियम वरच्या इयत्तांतील बहुतेक विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतो. परीक्षेंत तो लिहिला कीं गुण मिळतात, आणि गुण मिळाले कीं विद्यार्थी व पालक या उभयतांचें समाधान होतें. परंतु ह्या नियमाच्या पोटीं ‘झोका लहान असेल तर’ अशी एक अट आहे. ती गाळून नियम म्हणणें म्हणजे औषध सांगावें आणि मात्रा सांगूं नये, तशांतलाच प्रकार होय. ही अट कोठून आली हें विद्यार्थी जोंवर स्वतः ताडून पाहत नाहीं, तोंवर नियम त्याचा झाला असें आम्ही मानीत नाहीं.

नागपंचमीस आपल्याकडे झाडांना झोके बांधतात. अशा एका झोक्यावर ३० किलो वजनाचें धान्याचें पोतें ठेविलें आहे असें समजूं. तें मागें ओढून, दोराशीं काटकोन करणाऱ्या दिशेनें, धरून ठेवावयाचें आहे. दोर उभ्या रेषेपासून १० अंश कलला असतां सुमारें ५ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. ३० अंशांवर १५ किलोंचा. मग ९० अंशांवर किती? त्रैराशिक मांडणारा विद्यार्थी तत्काळ ४५ असें उत्तर देईल. वस्तुतः ६० अंशांवर सुमारें २६ आणि ९० अंशांवर फक्त ३० किलोंचा जोर पुरतो. पहिल्या तीस अंशांनीं १५ किलोंची भर घातली, दुसऱ्या तिसांनीं ११ ची, आणि शेवटच्या तिसांनीं अवघ्या ४ ची! कोन सारखाच वाढला. जोर सारखा वाढला नाहीं.

याचें कारण गूढ नाहीं. वस्तूस आसाभोंवतीं फिरविण्याची जी शक्ति जोरांत येते, तीस आघूर्ण म्हणतात. लंबकाच्या बाबतींत वजन नेहमीं सरळ खालीं ओढतें. म्हणून टांगलेल्या वस्तूचें आघूर्ण काढावयाचें तर तिच्या वजनास, ती खुंटीखालील उभ्या रेषेपासून जितकी बाजूस सरली असेल त्या अंतरानें गुणावें. लंबक सरळ लोंबत असतां हें अंतर शून्य, म्हणून आघूर्णही शून्य. ३० अंशांवर तें दोराच्या लांबीच्या बरोबर निम्मे होतें, आणि ९० अंशांवर लांबीइतकें होऊन तेथेंच त्याची वाढ खुंटते. ह्या बाजूच्या अंतराचें दोराच्या लांबीशीं जें प्रमाण, तेंच त्या कोनाची ‘ज्या’ होय. तेव्हां आघूर्ण कोनाच्या प्रमाणांत नव्हे, तर कोनाच्या ज्येच्या प्रमाणांत बदलतें.

ही ज्या आपणांस परकी नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथांत ज्या काढण्याच्या रीति सांगितल्या आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, असें चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेख सांगतो. तें स्थान आपल्या नाशिक जिल्ह्याच्या शेजारीं, जळगांव जिल्ह्यांत आहे. असें असतां आपल्या मुलांस ज्या हा केवळ कोष्टकांतील एक रकाना वाटावा, ही खेदाची गोष्ट आहे. झोक्यावर बसणारें प्रत्येक मूल ती अंगानें अनुभवीत असतें.

आतां अटीचा उलगडा होतो. कोन लहान असतां तो दुप्पट केला तर ज्याही जवळजवळ दुप्पट होते. वस्तु जितकी दूर गेली तितक्याच प्रमाणांत तिला परत आणणारें आघूर्ण वाढतें, आणि लहानमोठ्या झोक्यांस काल सारखाच लागतो. कोन मोठा झाला म्हणजे आघूर्ण ह्या प्रमाणास अपुरें पडतें आणि लंबक उशिरा परततो. गॅलिलिओसारख्या थोर पुरुषासही सर्व झोक्यांस सारखाच काल लागतो असें वाटत होतें. १६५६ सालीं लंबकाचें घड्याळ योजणाऱ्या हॉयगेन्सनें १६७३ च्या आपल्या ग्रंथांत वर्तुळाकार झोक्याविषयीं तें तंतोतंत खरें नाहीं हें दाखविलें. भिंतीवरील जुन्या घड्याळांचा लंबक थोडकाच झुलतो, यांतील एक मर्म हेंच आहे.

कोणी म्हणेल, परीक्षेंत लहान कोनाचेंच गणित येतें. मग हा खटाटोप कशास? लहान कोनाचा नियम उपयुक्त आहे, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु ज्यास नियमाची हद्द ठाऊक नाहीं, तो हद्दीबाहेरही तोच नियम बेधडक चालवितो. आणि पुढें पूल, यंत्र किंवा औषध ह्यांचें काम हातीं आल्यावर त्या चुकीची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते.

ह्या ज्ञानास खर्च फारसा नाहीं. एक मीटर लांबीच्या दोऱ्यास दगड बांधावा. दोऱ्याची लांबी खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजावी. १० अंशांवरून सोडून दहा पूर्ण झोके मोजले असतां सुमारें २० सेकंद लागतात. ६० अंशांवरून सोडल्यास दीड सेकंदाच्या आसपास अधिक लागावयास हवा. हवेच्या विरोधानें झोका लहान होत जातो, म्हणून फरक किंचित् कमी भरेल. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वहस्तें करावा, आणि शिक्षकांनीं त्यासाठीं एक तास खुशाल मोडावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी ओसरीवर दोऱ्यास दगड बांधून घड्याळाकडे टक लावून बसली, तर ‘खेळ पुरे, पुस्तक घे’ असें म्हणण्याची घाई करूं नये. सूत्र पुस्तकांत उद्यांही सांपडेल. परंतु सूत्र कोठवर खरें, हें विचारण्याची संवय लहानपणींच लागली तर लागते.