सरबतासारखे दिसणारे जहर



मागच्या रमजानमधली गोष्ट. मांजरीत आमच्या शेजारी एक खाला राहतात. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. पहाटे उपबाजारातून भाजी उचलायची आणि शहरात पोहोचवायची, हा त्याचा धंदा. एका दुपारी त्याने उरलेले कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवले. गुलाबी रंग, जरासे दाटसर. सुनेला वाटले, इफ्तारसाठी सरबत आणले आहे. तिने बाटली फ्रिजमध्ये ठेवली. मगरिबला दहा मिनिटे असताना नातवाने ती काढून पेल्यांत ओतायला घेतली. तेवढ्यात मुलगा वजू करून आत आला, म्हणून वाचले. अल्हम्दुलिल्लाह, कुणाच्या पोटात थेंबही गेला नाही.

खाला नंतर मला म्हणाल्या, "अगं, त्याला वाससुद्धा येत नाही. आम्हाला कसं कळणार?"

खाला खरे बोलत होत्या. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. थंड मुलखात इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून ते घालतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही. पण त्यामुळे पाणी लवकर उकळत नाही. म्हणून आपल्या टेम्पो-रिक्षातही ते असते. मुळात ते बिनरंगी, जवळजवळ बिनवासाचे आणि चवीला गोड. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे रंग कंपन्या ओळखीसाठी घालतात. गोड चव आणि सरबताचा रंग, मग मुलांना त्याचा मोह होणारच. बकरी, मांजर, कुत्रेही सांडलेले चाटून मरतात.

मोठ्या माणसाचा जीव जायला न मिसळलेले सुमारे 100 मिलिलिटर, म्हणजे एक कपही न भरेल इतके, पुरते. दहा किलोच्या लेकराला तीन छोटे चमचे प्राणघातक ठरू शकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे पोटात गेल्यावर सुरुवातीचे काही तास माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. झोकांड्या जातात, जीभ जड होते, उलट्या होतात. तोंडाला मात्र दारूचा वास नसतो. आपल्या घरांत अशा वेळी काय होईल? "लोकांना कळले तर काय म्हणतील" म्हणून दार लावून त्याला झोपवतील. सकाळपर्यंत उतरेल, असे म्हणतील. इथेच घात होतो. तेवढ्या वेळात यकृत त्या ग्लायकॉलचे आम्लात रूपांतर करत असते. मग श्वास जोरात चालतो, हृदयावर ताण येतो. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडात बारीक खडे साचून लघवी बंद पडते.

वेळेत नेले तर इलाज आहे. फोमेपिझोल नावाचे औषध यकृताचे हे काम थांबवते. ते मिळाले नाही तर डॉक्टर मोजून अल्कोहोल देतात, कारण यकृत आधी अल्कोहोलच्या मागे लागते आणि ग्लायकॉल तसेच राहते. गरज पडली तर डायलिसिस करून ते रक्तातून काढतात. डॉक्टरांनी अल्कोहोल द्यायचे ठरवले तर घरच्यांनी अडून बसू नये. जीव वाचवण्याच्या मजबुरीतली ती दवा आहे. घरी मात्र असा प्रयोग कुणीही करू नये.

याच जातीचे दुसरे रसायन म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघाले आणि 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. 2025 मध्ये छिंदवाड्यातल्या मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात हेच सापडले. वीसहून जास्त लेकरे गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तिथेही मूत्रपिंडेच निकामी झाली. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचे औषध देऊच नये, आणि मोठ्या मुलालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरात एवढे पाळा:

• कूलंट त्याच्या मूळ डब्यातच ठेवा. पाण्याच्या, सरबताच्या, तेलाच्या बाटलीत कधीही भरू नका. स्वयंपाकघरात तर आणूच नका.

• डबा कुलपात किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

• सांडले तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, मग जागा भरपूर पाण्याने धुवा. हात साबणाने धुवा. बकरी बांधायची जागा जवळ असेल तर आधी बकरी हलवा.

• जुने कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. झाकण लावून गॅरेजवाल्याकडे परत द्या.

• इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

• डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

• कुणी प्यायले, किंवा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नका. बोटे घालून उलटी काढू नका. मीठपाणी, लिंबू, दूध यांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या आणि किती वाजता, किती प्यायले ते सांगा. काही लपवू नका.

खालांच्या मुलाने आता टेम्पोच्या सीटखाली कुलपाची पेटी बसवली आहे. कूलंटचा डबा तिथेच असतो. आज तुमच्या घरातही एक फेरी मारा. जिन्याखाली, बाल्कनीत, मोरीच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी नसलेली एखादी बाटली दिसली, तर त्यात काय आहे ते मुलांना समजण्याआधी तुम्हाला समजू द्या.