दुष्काळी भागातलं जहाज

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या क्यूबिकलमधला ठरलेला प्रश्न. "काय रे, विकांताला काय करणार?"
"होडी चालवायला गावी चाललोय."
"गाव कुठलं तुझं?"
"आटपाडी."

यानंतर जो हशा पिकतो तो मला आता पाठ झालाय. ज्यांना आटपाडी माहीत नाही ते हसत नाहीत. ज्यांना माहीत आहे ते खुर्चीवरून पडायचे बाकी राहतात. माणदेश, माडगूळकर बंधूंचं माडगूळ, डाळिंबं, मेंढ्या आणि टँकर. या यादीत शिडाची होडी कुठेच बसत नाही, हे मलाही मान्य आहे.

तर मंडळी, त्या होडीची गोष्ट. आणि गोष्टीच्या आडून थोडं भांडण पण करायचं आहे.

होडी म्हणजे हॉबी १६. दोन केळीसारख्या वाकड्या फायबरच्या नळकांड्या, मधे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड, त्यावर आठ मीटरची डोलकाठी. लांबी पाच मीटरच्या आसपास, वजन साधारण १४५ किलो. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर नावाच्या माणसाने आधी १४ फुटी आणि मग ही १६ फुटी काढली, १९७० च्या आगेमागे. किनाऱ्यावरच्या वाळूतून ढकलत न्यायची आणि तशीच परत वाळूवर चढवायची, म्हणून खाली खोल फळी नाही. पाण्यात आडवी घसरू नये याची सोय नळकांड्यांच्या आकारातच केली आहे. बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. इतकं साधं डिझाइन बघितलं की मला आमच्या प्रॉडक्टच्या आर्किटेक्चर डायग्रामची लाज वाटते. असो.

ती माझ्याकडे आली कशी, तर गलाईवाल्या मामांमुळे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आमचे मामा तमिळनाडूत. तिथल्या किनाऱ्यावर एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं भंगार विकायला निघालं, त्यात ही होती. मामांनी फोटो पाठवून विचारलं, "इंजिनिअर, हे काय यंत्र आहे?" गंमत बघा, कॅटमरान हा शब्द मुळात तमिळ, कट्टुमरम्. म्हणजे बांधलेली लाकडं. शब्द तिथून इंग्रजांच्या तोंडी गेला, पार अमेरिकेत जाऊन फायबरचा झाला आणि शेवटी तमिळनाडूतच भंगारात सापडला. मी आणि ऑफिसातल्या एका दोस्ताने (इथून पुढे 'पार्टनर') मिळून पासष्ट हजारांना घेतली. डाळिंबं पोचवून रिकाम्या येणाऱ्या ट्रकमधून ती आली. डोलकाठी फाळक्याच्या बाहेर आलेली, तिला लाल फडकं बांधलेलं.

पुण्यात ठेवायचा विचार सोसायटीच्या पार्किंगने हाणून पाडला. मग आटपाडीला, घरामागच्या शेडमध्ये, गोठ्याच्या शेजारी.

आता इथे पहिलं भांडण. अपग्रेड म्हणजे काय?

पार्टनरची यादी तयार होती. नवीन रंगीत शीड, पुढे फुग्यासारखं मोठं जादा शीड, वेग मोजायला जीपीएस, काठीवर कॅमेरा. एकूण आकडा होडीच्या किमतीच्या दुप्पट. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. आत डेटाबेस रडत असतो आणि आपण क्लायंटला नवा डॅशबोर्ड दाखवतो. मी म्हटलं आधी ऑडिट करू. एक रुपयाचं नाणं घेतलं आणि दोन्ही नळकांडी इंच इंच वाजवली. जिथे फायबर आणि आतला फोम एकमेकांना धरून आहेत तिथे 'टक्' असा टणक आवाज येतो. जिथे सुटलेत तिथे 'ढब्'. पिकलेल्या कलिंगडासारखा. डाव्या नळकांड्याच्या पुढच्या भागावर, बरोबर काठीच्या पुढे, ताटाएवढा पट्टा ढब ढब करत होता. वरून रंग मात्र झकास! पार्टनरने त्याच जागेवर नवीन स्टिकर लावायचं ठरवलं होतं.

गावात शाळांच्या घसरगुंड्या आणि फायबरच्या मूर्ती करणारा एक कारागीर आहे. त्याला दाखवलं. त्याने बारीक भोकं पाडली, दोन उन्हं दाखवून आतलं पाणी वाळवलं, मग इंजेक्शनच्या सिरिंजने इपॉक्सी भरलं आणि वर डाळिंबाच्या क्रेटमध्ये दगड घालून दाब दिला. मधलं कापड उन्हाने सडलं होतं. शिवण नखाने उसवत होती. ते ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून नवीन करून घेतलं. त्याने एक प्रश्न विचारला, "यावर मानसं बसनार का माल?" माणसं म्हटल्यावर त्याने शिवण दुहेरी मारली आणि जादा पैसे घेतले नाहीत.

काठीला तीन बाजूंनी धरणाऱ्या स्टीलच्या तारा बदलल्या. त्यातल्या एका तारेचा एकच पदर तुटून बाहेर आला होता, माझ्या बोटात घुसला म्हणून कळलं. एक पदर गेला म्हणजे बाकीच्यांची पण वेळ भरलीय असं धरायचं. सुकाणूच्या पिना बदलल्या. नळकांड्यांच्या मागच्या बुचांची रबरं बदलली, किंमत नाममात्र. ही बुचं लावायची विसरलात तर होडी हळूहळू पाणी पिते आणि तुम्हाला वाटतं आज वारा कमी आहे.

शीड जुनंच ठेवलं. दोन ठिगळांसकट. पार्टनर महिनाभर फुगून होता.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी सुचलीच नव्हती. काठी आठ मीटर, ट्रॉलीवर उभी केली की अजून उंच. आणि आमच्याकडे तलाव तिथे मोटारी, मोटारी तिथे विजेच्या लाइनी. अमेरिकेत अशा काठ्या तारांना लागून माणसं गेली, तेव्हा १९८० च्या दशकात कंपनीने काठीचा वरचा तुकडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. आमची काठी त्याच्या आधीची, सगळी अ‍ॅल्युमिनियम. म्हणून तलावाची सोयीची बाजू सोडून, जिथे डोक्यावर एकही तार नाही अशी गैरसोयीची बाजू पकडली. दीडशे किलो धूड पाव किलोमीटर जास्त ढकलायचं. चालतंय.

दुसरं भांडण घरात.

आज्जी शेडमध्ये आली, नळकांड्याला हात लावून म्हणाली, "आरं, हितं प्यायला न्हाई आन् तू खेळायला निघालास व्हय? पान्याशी खेळू ने लेका."

आज्जीने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे. तिच्या बोलण्याला मी 'जनरेशन गॅप' म्हणून उडवून लावू शकत नाही. आज तलावात जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं आकाशातून पडलेलं नाही. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेतून उचलून, टप्प्याटप्प्याने चढवत आणलेलं आहे. १९९३ साली नागनाथअण्णांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषद भरली, तेव्हापासून वर्षानुवर्षं लोकांनी मोर्चे काढले, धरणं धरली, तेव्हा कुठे ते इथवर आलं. अशा पाण्यावर पुण्यातला पगारदार पोरगा शीड उभारून फिरतो, हे दृश्य कुणाच्या डोळ्यांत खुपलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पण माझं म्हणणं असं, की शिडाची होडी पाण्याचा एक थेंब वापरत नाही. पेट्रोल जाळत नाही, तेल सांडत नाही. ती वापरते वारा, आणि वारा ही आमच्याकडे अशी एकच गोष्ट आहे की जिच्यासाठी कधी मोर्चा काढावा लागला नाही. पावसाळ्यात ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडे नुसता वारा पोचतो. जून-जुलैत आमच्या माळावर जो वारा असतो त्याने पत्रे उडतात. शेजारच्या तालुक्यांत डोंगरावर पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात? मुंबईवाले त्याच दिवसांत होड्या आवरून ठेवतात, कारण समुद्र खवळलेला. आमच्याकडे लाट हीतभर आणि वारा समुद्राच्या तोडीचा. टेंभूचं पाणी आल्यापासून आटपाडी हे होडीसाठी वाईट ठिकाण राहिलेलं नाही हो, खरंच!

तिसरी गोष्ट, आणि मी लिहायला बसलो ते खरं म्हणजे हिच्यासाठी.

ऑगस्ट २०१९. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णेला महापूर आणि त्याच वेळी आमच्या बाजूला चारा छावण्या चालू. एकच जिल्हा! ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून जास्त जीव गेले, त्यात बाया, लेकरं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलवर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्याकडे होडी आठवते ती पूर आल्यावर. कृष्णाकाठी पूर्वी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक नदी ओलांडायचे, तेवढी तरी ओळख होती. आता घाटावरच्या माणसाला बोटीत पाय ठेवायची वेळ येते ती थेट आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. कुठे बसायचं, उभं का राहायचं नाही, किती जण म्हणजे जास्त, हे शिकायचं त्या दिवशी? दिलीप दोंदे मुंबईहून निघून २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे जगाला फेरी मारून आले. तोही आपलाच माणूस. पण आमच्या तालुक्यात पोहता येणारी किती पोरं आहेत ते जरा विचारून बघा.

पहिल्याच रविवारी तलावावर पंचवीस-तीस पोरं जमली. "दादा, एक राऊंड!" आमच्याकडे लाइफ जॅकेट चार. दोन आमची. म्हणजे एका वेळी दोनच पोरं, जॅकेटशिवाय कुणी नाही. एक पाहुणे म्हणाले, "आरं बसव की चार-पाच, काय होतंय?" हे 'काय होतंय' मला आता ऐकवत नाही. मी नाही म्हटलं. पाहुणे रागावले, घरी आबांकडे तक्रार गेली. आबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "बरोबर केलंस, पण जरा गोड बोलत जा."

त्याच दुपारी पोरं उतरवल्यावर आम्ही दोघंच गेलो आणि उलटलो. शास्त्रशुद्ध उलटलो. झुळूक जोरात आली, एक नळकांडं हवेत उठलं, पार्टनर "व्वा" म्हणाला, आणि मी दोर सोडायच्या ऐवजी घट्ट धरून ठेवला. होडी आडवी, काठीचं टोक पाण्यावर. ही होडी सरळ करायची पद्धत अशी की खालच्या नळकांड्यावर उभं राहून, वरून टाकलेला दोर धरून मागे झुकायचं. त्याला दीडशे किलोच्या घरात वजन लागतं. आम्ही दोघं मिळून एकशे बावीस. चार वर्षं रोज वडापाव खाऊनसुद्धा कमीच पडलो :)

वीस मिनिटं झटापट चालली होती. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे एक मामा हे सगळं बिडी ओढत बघत होते. शेवटी हाताने वल्हवत आले आणि म्हणाले, "त्वांड वाऱ्याकडं करा की." त्यांनी तराफा लावून होडीची नाकं वाऱ्याच्या दिशेला फिरवली. मग विचारलं, "ती दोरी कशाला बांधून ठेवलीया?" शिडाचा दोर अजून अडकवलेलाच होता. शीड पाणी उचलायला बघत होतं. दोर सोडला, मामा पण नळकांड्यावर चढले, तिघं मागे झुकलो, वारा शिडाखाली शिरला आणि होडी उठली. मामांनी आयुष्यात शिडाची होडी बघितली नव्हती. मी व्हिडिओ शंभर बघितले होते.

त्यानंतरचं अपग्रेड मामांच्या सल्ल्याने झालं. काठीच्या टोकाला एक हवाबंद हलका डबा, म्हणजे उलटली तरी काठी पाण्याखाली जाऊन गाळात रुतत नाही. पार्टनरने कॅमेऱ्यासाठी ठेवलेले पैसे काढले आणि लहान मापाची आठ जॅकेटं मागवली. मला न विचारता. आता पोरांना आधी काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात जॅकेट घालून तरंगायला लावतो, मग होडी मुद्दाम उलटवून दाखवतो. सगळ्यात जास्त गर्दी त्यालाच होते.

आज्जी एकदा आली होती. बांधावर छत्री घेऊन बसली. निघताना तिने एवढंच विचारलं की ते इपॉक्सी पाण्यात उतरतं का, मेंढरं पितात ते पाणी. मी कारागिराला फोन लावून, पूर्ण वाळल्यावर उतरत नाही असं तिला त्याच्याच तोंडून ऐकवलं. फेब्रुवारीनंतर पाणी खाली गेलं की होडी शेडमध्ये जाते, हे तिच्याशी ठरलेलं आहे. यंदा डाव्या नळकांड्याचं नाणं परत वाजवायचंय, आणि पार्टनर म्हणतोय आता तरी नवीन शीड घेऊ.

बघू.