नेम परवानाधारकावर, मोकळीक कट्ट्याला

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात गोळीबाराची एखादी घटना घडली की महाराष्ट्राने स्वतःचा शस्त्रकायदा करावा आणि त्याखाली खासगी व्यक्तींचे बंदूक-पिस्तुलांचे परवाने सरसकट रद्द करावेत, ही मागणी पुन्हा डोके वर काढते. अलीकडे एका विद्वान टीकाकाराने तिला शास्त्रीय विवेचनाचा मुलामा दिल्यामुळे तिचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे. या मताचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, थोडक्यात अशी आहे. एप्रिल २०२२ मध्ये नांदेड शहरात एका बांधकाम व्यावसायिकाची त्याच्या घरासमोर गोळ्या झाडून हत्या झाली; डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाच्या हत्येनंतर शस्त्रपरवान्यांची खिरापत उघडी पडली; मराठवाड्यात कमरेला पिस्तूल लावणे ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे; पोलीस असताना नागरिकाला शस्त्र कशाला हवे; ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर लोकांच्या लाखो बंदुका परत घेतल्या आणि अमेरिकेतील राज्ये आपापले शस्त्रकायदे करतात, तर महाराष्ट्राला कोणी अडवले आहे?

महाराष्ट्राला संविधानाने अडवले आहे. सातव्या अनुसूचीत कायदे करण्याच्या विषयांची संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशी वाटणी आहे, आणि शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संघसूचीतील पाचवी नोंद आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे, मुंबईतील विधानमंडळाचा नाही. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय असल्यामुळे १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीसाठी शस्त्रे बाळगून हिंडण्यास मनाई करू शकतात, आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मकोका हाही राज्याचाच कायदा आहे. परंतु शस्त्राचा परवाना कोणाला द्यावा, किती द्यावेत आणि ते केव्हा रद्द करावेत, हे १९५९ चा शस्त्र अधिनियम ठरवतो व तो केंद्राचा आहे. अमेरिकेचा दाखला येथे लागू होत नाही, कारण तेथील राज्यघटनेने अधिकारांची वाटणीच वेगळी केली आहे. राज्यघटनेची पहिली पायरी न चढता कायद्याचा मसुदा सुचवणाऱ्याने इतरांना अडाणी म्हणू नये.

अधिकाराचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा कायदा नेमका कोणाच्या दारात जाऊन उभा राहणार, याचा विचार टीकाकाराने केलेलाच नाही. परवानाधारक म्हणजे आपल्याजवळ शस्त्र आहे हे ज्याने स्वतः होऊन सरकारला सांगितले आहे असा नागरिक होय. त्याने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केलेला असतो. अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे त्याच्या ठाण्याकडून अहवाल मागवलेला असतो. त्याच्या शस्त्राचा क्रमांक आणि त्याला घेता येणाऱ्या काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात विशिष्ट ओळखक्रमांकाने झालेली असते. आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तो पुन्हा त्याच कार्यालयाच्या दारात उभा असतो. उलट ज्याला बोलीत गावठी कट्टा म्हणतात ते देशी बनावटीचे पिस्तूल मध्य प्रदेशातील खरगोन, बडवानी, धार या पट्ट्यातून हस्तेपरहस्ते येते. त्याला ना क्रमांक असतो ना नोंद, आणि ते बाळगणाऱ्याने आजवर कोणत्याही कार्यालयाच्या रांगेत पाऊल ठेवलेले नसते. देशभरात पोलीस जी अग्निशस्त्रे जप्त करतात त्यांत विनापरवाना शस्त्रांचे प्रमाण प्रचंड आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मग परवाने रद्द करणारा कायदा झाला तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात बंदूक घेऊन कोण येईल? ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच येईल. ज्याचे नाव नाही त्याला हा कायदा वाचण्याचेसुद्धा कारण नाही, कारण त्याचे कृत्य आजही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे, आणि बेकायदा निर्मिती व विक्रीची सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आहे. या शिक्षांना न घाबरणारा माणूस परवाने रद्द झाल्याने घाबरेल, असे मानणे हा भाबडेपणा आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असल्यामुळे तो क्षम्यही नाही.

बीडचा दाखला तर टीकाकाराच्याच विरुद्ध जातो. त्या सरपंचाची हत्या बंदुकीने झाली नव्हती. हत्येनंतर जिल्ह्यातील परवान्यांची छाननी झाली, गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचे दिसले, आणि अनेक परवाने रद्द झाले. हे ज्या अधिकाराने घडले तो अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आधीपासून होता. जे परवाने मुळात द्यायलाच नको होते ते देणारा हात सरकारी होता. त्या हाताला कोणताही जाब न विचारता शिक्षा मात्र मुखेड, देगलूर, औसा, निलंगा येथील निष्कलंक परवानाधारकाला करावी, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

या निष्कलंक माणसाने आजवर किती सोसले आहे, तेही पाहिले पाहिजे. १९८३ पासून एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत; २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आणली आणि जास्तीचे शस्त्र एका वर्षात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, टाळेबंदीच्या काळातच, जमा करण्यास सांगितले; त्याबद्दल मोबदल्याची तरतूद केली नाही. ऑस्ट्रेलियाने बंदुका घेताना पैसे मोजले होते, एवढे त्या दाखल्यापुरते पुरे. निवडणूक आली की परवानाधारकाला शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. कोणाचे शस्त्र जमा करून घ्यावे हे जिल्हास्तरीय छाननी समितीने व्यक्तीगणिक ठरवावे अशी निवडणूक आयोगाची सूचना असल्यामुळे सरसकट नोटिसांना तिच्यात आधार नाही. २०२४ मध्ये नांदेडमध्ये लोकसभेचेच मतदान २६ एप्रिल आणि २० नोव्हेंबर असे दोनदा झाले, आणि दुसऱ्या वेळची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, जेव्हा तूर शेतात उभी असते आणि हरभरा, ज्वारी नुकती पेरली जात असते.

पिकाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू भरण्याची बंदूक, यांच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. किनवट-माहूरच्या जंगलाकडेला आणि पैनगंगा अभयारण्याच्या शेजारी रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे शेत उकरून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमातील कलम ११ उभ्या पिकाला धोका ठरलेल्या अशा प्राण्याला वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मारण्याची मुभा देते. पण आदेश मिळूनही बंदूक नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? लातूरकडील काळविटांना हे लागू नाही, कारण केवळ पिकासाठी त्यांना मारता येत नाही. तेथे बंदुकीचा फार तर आवाज कामी येतो. जेथे बंदूकही नाही आणि वनखात्याचा माणूसही वेळेवर येत नाही, तेथे बांधावरच्या तारेत वीज सोडली जाते, आणि ती तार डुक्कर, म्हैस आणि माणूस यांत फरक करत नाही. परवाने रद्द करून गाव सुरक्षित होईल असे लिहिणाऱ्याने या तारेचा हिशेब कोठे मांडला आहे?

मराठवाड्यात या वादाला जुने वळण आहे. बंदुकीचे कैवारी म्हणतात की गावांकडे शस्त्रे असती तर निजामाच्या राजवटीतील रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार झाले नसते. विरोधक म्हणतात की रझाकार हेच खासगी शस्त्रांचे फळ होते. दोन्ही पक्ष इतिहास वाकवतात. ज्या संघटनेचा म्होरक्या लातुरात वकिली करत होता ती परवानाधारकांची टोळी नव्हती. तिला निजामी सत्तेचे अभय होते, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या भारतीय लष्करी कारवाईत ते अभय नाहीसे झाले तेव्हा तीही कोसळली. दुसरा जुना वाद शस्त्र हा मूलभूत हक्क आहे काय, हा होय. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत तो आणण्याचा प्रयत्न फसला, आणि अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्यसुद्धा शस्त्रांविना दिले. म्हणून परवाना हा मूलभूत हक्क नाही, हे येथे मान्यच आहे. मात्र जे हक्क नाही ते लहरीने काढून घेता येते, असा त्याचा अर्थ होत नाही.

राहता राहिले दोन आक्षेप. कमरेचे पिस्तूल मिरवणाऱ्यांना आवरायला कायदा आहेच. लग्नात-मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि शस्त्रमुक्तीच्या यादीत नांदेडच्या शिखांची कृपाणही ओढणाऱ्यांनी अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण वाचावे.

मंडनासाठी, म्हणजे खंडनानंतर स्वतःची बाजू उभी करण्यासाठी, नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक परवान्याचा शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली नियमित आढावा घ्यावा आणि गुन्हा दाखल होताच ठाण्याने ती माहिती परवाना शाखेला कळवावी. नकार देताना किंवा परवाना रद्द करताना कारणे लेखी नोंदवणे अधिनियमाने बंधनकारक केले आहे. ती एका ओळीच्या छापील मजकुरात उरकू नयेत, कारण त्यांच्याच आधारे नागरिकाला विभागीय आयुक्तांकडे छत्रपती संभाजीनगरला अपील करावे लागते. पीकसंरक्षणाचे अर्ज पिस्तुलाच्या अर्जांपासून वेगळे काढून वनविभागाच्या अभिप्रायासह पेरणीपूर्वी निकाली काढावेत. कट्ट्यांच्या बाबतीत पकडलेल्या पोरापाशी न थांबता त्याला शस्त्र पुरवणाऱ्यापर्यंत तपास न्यावा, आणि विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची जी पूर्वमंजुरी लागते ती आरोपपत्राची वाट अडवून न ठेवता वेळेत द्यावी.